फीपुरता मेलेला बाप

…तर अशा रीतीने वेतमास्तर कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या उभ्या वारले. वेळ सकाळी अकराची, हातात अर्धा प्याला चहा, तब्येत ठणठणीत. मरण आलं ते आत, फीच्या खिडकीवर, त्यांच्यापासून चांगल्या पाऊणशे पावलांवर. त्यामुळे चहा सांडलासुद्धा नाही.

काल जे मधूनच उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. वेतमास्तर म्हणजे खुर्च्या विणणारा माणूस. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण हातात सदानकदा वेत, म्हणून गल्लीने मास्तर करून टाकलं. घर म्हणजे एक खोली. त्या खोलीत नवरा, बायको, एकुलता एक लेक, आणि लोकांच्या बूड फाटलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. एक खुर्ची विणायला दोन दिवस लागत. वेताच्या पट्ट्या घमेल्यात भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून दोन वेळा उभ्या, दोन वेळा आडव्या, दोन वेळा तिरप्या ओवायच्या, भोकांत लाकडाच्या बारीक पाचरी ठोकायच्या आणि शेवटी काठ बांधायचा. वेत वाळला की बैठक ढोलासारखी ताणली जाते. मास्तर तिच्यावर बोटाने टिचकी मारून कान लावत, आणि आवाज मनासारखा आला नाही तर सगळं उसवत. असं काम करणारा माणूस उपाशी मरत नाही आणि श्रीमंतही होत नाही.

लेक मात्र हुशार निघाला. तो नेमका कुणावर गेला, हा प्रश्न गल्लीत बरेच दिवस चर्चेला होता. इंजिनियरिंगच्या कॉलेजात त्याला जागा मिळाली आणि पाठोपाठ फीचा आकडा आला. मास्तरांना मोठे आकडे झेपत नसत. ते सगळं खुर्च्यांत मोजत. बोटांवर मोजून झाल्यावर म्हणाले, "वर्षाची फी म्हणजे दोनशे दहा खुर्च्या. मी वर्षात विणतो दीडशे. म्हणजे आपण वर्षभर काही खाल्लं नाही, तरी साठ खुर्च्या कमी पडतात."

"मग दोनदा उपाशी राहू," बायको म्हणाली.

बायकोची जीभ ही अशी. पण बाई डोक्याने मास्तरांच्या चार पावलं पुढे. प्रवेशाच्या दिवशी तिघं कॉलेजला गेले. मास्तरांच्या खांद्यावर वेताचा भारा होता. जाता जाता कुठे तरी पोचवायचा होता. पहारेकऱ्याने फाटकातच हात आडवा धरला. "माल घेऊन आत नाही." म्हणून मास्तर बाहेर टपरीवर थांबले, आणि मायलेक आत रांगेत उभे राहिले. तेवढा एक भारा त्या दिवशी खांद्यावर नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खिडकीमागचा कारकून मान वर न करता विचारत होता. नाव, पत्ता, गुण. मग म्हणाला, "वडिलांचा व्यवसाय?"

खिडकीच्या काचेवर फीचा तक्ता डकवला होता. बाई आकडे वाचत वाचत खाली आल्या, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती: पितृहीन विद्यार्थ्यांस निधीतर्फे पूर्ण फी माफ. बाई तिथे थबकल्या. बोलल्या काहीच नाहीत. कारकुनाने मान वर केली, तशी यांनी खाली घातली.

"अरेरे," कारकून म्हणाला. "कधी?"

लेकाने तोंड उघडलं. आईने त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, "झाले थोडे दिवस."

कारकुनाने व्यवसायाच्या रकान्यात 'हयात नाहीत' असं लिहिलं आणि वर शिक्का मारला. एवढा शिक्का बसायला काही काही माणसं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून असतात.

बाहेर येऊन बाई मास्तरांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेलात."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? जातात तिकडे."

मग सगळी हकीकत कळली. दुसरा कुणी चिडला असता. मास्तर गदागदा हसले. टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला. "अगं, डॉक्टर नाही, औषध नाही, रडारड नाही, आणि वर्षाला दोनशे दहा खुर्च्या सुटल्या! इतकं स्वस्त मरण आमच्या घराण्यात कुणाला आलं नसेल." मग लेकाकडे वळून बोट उगारलं. "पण एक सांगून ठेवतो. चार वर्षंच हं. तुझी पदवी हातात पडली की त्या दिवशी मी उठून बसणार. कबूल?"

"कबूल, बाबा," लेक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा ते खरं होतं.

पुढचं सोपं. मेहुणा पालिकेत शिपाई, त्याने मृत्यूचा दाखला आणला. कारण लिहिलं होतं, हृदयविकार. मास्तर नाराज झाले. "मला दमा आहे. हृदय तर दगडासारखं आहे."

"दमा मिळायला आठ दिवस लागतील म्हणाले," मेहुणा म्हणाला. "हृदयविकार लगेच मिळाला."

भिंतीवर काळ्या चौकटीतला फोटो हवा, म्हणून मास्तर स्टुडिओत जाऊन बसले. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." मास्तर म्हणाले, "मेलेला माणूस हसतो होय?" फोटोवाल्याने विचार करून सांगितलं, "हसतो की. फोटो आधीचा असतो ना." मग मास्तर हसले. फोटो फार छान आला.

राहता राहिला लेक. त्याला बाप मेल्यासारखं वागताच येईना. कुणी विचारलं की हसू फुटायचं, नाहीतर कान लाल व्हायचे. मास्तरांनी स्वतः त्याची तालीम घेतली. बूड नसलेल्या खुर्चीच्या चौकटीवर आडवी फळी टाकून ते साहेबासारखे बसत आणि विचारत, "काय रे, वडील काय करतात?"

"वडील नाहीत," असं म्हणून पोरगं फिसकन हसायचं.

एके दिवशी मास्तरांनी फाडकन कानाखाली वाजवली. "दात काय काढतोस? बाप मेलाय तुझा!"

पोराने गाल चोळला. डोळे भरून आले. मास्तर खूश होऊन टाळी वाजवत म्हणाले, "हां! हे असं! असं पाणी यायला पाहिजे!" महिनाभर ही शिकवणी चालली. विद्यार्थी हुशार होताच. शेवटी शेवटी तो 'वडील नाहीत' हे इतकं शांतपणे म्हणायला लागला, की ते ऐकून मास्तरांच्याच अंगावर काटा यायचा. पण शिकवलेलं पोराला आलं, याचा आनंद त्याहून मोठा.

निधीच्या अध्यक्षबाई वर्षातून एकदा प्रत्येक पोरक्याच्या घरी येत. वयस्कर, अंगाने भरदार, हातात काठी, आणि नजर अशी की सुईच्या नेढ्यातून पलीकडचं गाव दिसावं. त्या येणार त्या दिवशी मास्तरांच्या चपला, दाढीचं सामान, मफलर, औषधाची बाटली, सगळं एका पोत्यात भरून शेजारणीकडे जाई. खुर्च्याही गच्चीवर जात. विणणारा मेला तर खुर्च्या विणतंय कोण? मास्तर स्वतः समोरच्या सायकलवाल्याकडे बसत. खिडकीत निळा टॉवेल दिसला की बाई गेल्या, असं ठरलेलं.

पहिल्या वर्षी टॉवेल दोन तास दिसला नाही. सायकलवाला पंक्चर काढता काढता म्हणाला, "मास्तर, आत तुमच्याबद्दल बरंच चांगलं बोलणं चाललेलं दिसतंय."

"मेल्यावर सगळेच बोलतात," मास्तर म्हणाले. "मी फुकटात ऐकतोय."

टॉवेल दिसल्यावर वर गेले, तर बायकोचे डोळे सुजलेले. मास्तरांना बरं वाटलं. माणसाला वाटतंच. जवळ बसून त्यांनी हळूच विचारलं, "एवढं रडलीस कशी गं?"

"सुरुवातीला रडू येत नव्हतं," ती म्हणाली. "मग तुम्ही खरंच नसता तर काय झालं असतं, ते मनात आणलं."

"काय झालं असतं?"

तिने खोलीभर नजर फिरवली. सगळं आवरलेलं, जमीन कोपऱ्यापर्यंत दिसत होती. "खोली केवढी मोठी झाली असती हो," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू आलं.

मास्तर हसले. बायकोच्या जिभेला ते नेहमी हसत. पण त्या दिवशी गच्चीवरच्या खुर्च्या खाली आणायला त्यांनी संध्याकाळ केली.

तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या सभागृहातल्या एकशेवीस खुर्च्या विणायचं काम निघालं. भांडारपालाने शहरभर चौकशी केली आणि ती मास्तरांपाशी येऊन थांबली. फी माफ होती, पण वसतिगृह, पुस्तकं, नकाशांचे कागद ह्यांना कुणाच्या मरणाची सवलत नव्हती. काम सोडणं शक्यच नव्हतं.

"तिथे ओळख दाखवायची नाही," लेक म्हणाला.

"मेलेल्याची कसली ओळख?" मास्तर म्हणाले.

सभागृहाच्या व्हरांड्यात घमेलं, आरी, पाचरींचा डबा मांडून ते आठ महिने बसले. लेक रोज समोरून जायचा. पहिले काही दिवस तो मान वळवायचा. मग वळवायची गरज राहिली नाही, नजर आपोआपच वरून जाऊ लागली. मास्तरांना कौतुक वाटे. आपलीच शिकवणी! एकदा लेकाचे मित्र व्हरांड्यात टेकले. त्यातला एक म्हणाला, "काका, दोन दिवसांपासून हीच खुर्ची का? घरी नेणार की काय?"

सगळे हसले. लेकही हसला. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून पट्ट्या मोजत वाढलेलं पोर ते. एका खुर्चीला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं त्या कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "चल रे. ह्या लोकांना रोजावर मजुरी असते. जितकं लांबवतील तितकं बरं."

मास्तरांना मजुरी नगावर होती. पण तेव्हा आरी बोटात गेली होती, ती काढण्यात गुंतले होते.

त्याच वर्षी निधीचा मेळावा झाला. दरवर्षी एक पोरका मुलगा दिवंगत वडिलांबद्दल बोलत असे; त्या वर्षी ह्याची पाळी. खिडक्या उघड्या होत्या, मास्तर बाहेर व्हरांड्यात, शेजारी भांडारपाल. आतून लेकाचा आवाज आला.

"माझे वडील शिक्षक होते."

मास्तरांचे हात थांबले. पुढे जे ऐकलं ते ऐकण्यासारखंच होतं. ते वडील उंच होते, मितभाषी होते. गरीब मुलांना फुकट शिकवत. संध्याकाळी दिव्याखाली लेकाला ग्रंथ वाचून दाखवत. शेवटच्या दिवशी त्यांनी लेकाचा हात हातात घेतला आणि एकच शब्द उच्चारला, 'शीक.' आत बायका हुंदके देत होत्या. अध्यक्षबाईंनी नाक शिंकरलं ते व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. म्हैस मेली की मणभर दूध देते म्हणतात. ह्या म्हशीने तर बासुंदीच आटवून दिली होती.

भांडारपाल डोळे पुसत म्हणाला, "काय देवमाणूस असेल नाही, मास्तर?"

"असेल," मास्तर म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते त्या दिवंगत शिक्षकासाठी होतं की स्वतःसाठी, हे त्यांना नीट कळलं नाही. माणूस मात्र खरोखरच आवडला त्यांना.

त्या आठवड्यात लेक घरी आला तेव्हा त्यांनी विचारलं, "भाषण झकास झालं रे. पण खुर्च्यांचं काहीच बोलला नाहीस?"

"खुर्च्या ऐकून कुणी रडतं का बाबा?" लेक म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

चौथं वर्ष सरलं. लेक पहिल्या दहांत आला. अध्यक्षबाईंनी स्वतः शब्द टाकून त्याला एका मोठ्या कंपनीत चिकटवलं, आणि त्याच्या आईला निधीतून दरमहा थोडी रक्कम सुरू केली, बिचारीला कुणी नाही म्हणून. पदवीदानाच्या आदल्या दुपारी मास्तर बाजारातून नवा सदरा घेऊन आले. केस कापून आले होते. सदरा अंगाला लावून आरशात बघत म्हणाले, "चला! उद्या आपण उठणार."

लेक बूट पुसत होता, तो पुसतच राहिला.

"उद्या नको, बाबा."

"मग परवा?"

"परवाही नको." त्याने फडकं खाली ठेवलं. "नोकरी बाईंच्या शब्दावर मिळालीय. कळलं तर नोकरी जाईल, पदवी काढून घेतील, चार वर्षांची फी वसूल करतील."

मास्तरांनी मनात हिशेब केला. आठशेचाळीस खुर्च्या. "बरं, मग किती दिवस थांबायचं म्हणतोस?"

लेक त्यांच्याकडे बघत नव्हता. तो भिंतीवरच्या हसऱ्या फोटोकडे बघून बोलत होता. त्याच्याशी बोलायची त्याला सवय झाली होती. "आता राहू दे ना तसंच. इतकी वर्षं झाली. कुणाला काही त्रास आहे का?"

"मला आहे," मास्तर म्हणाले.

बायको उद्याचे कपडे इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला काय कमी आहे? जेवताय, झोपताय. खऱ्या मेलेल्यांना विचारा जाऊन."

ह्यावरही मास्तर हसतील असं तिला वाटलं असावं. ते हसले नाहीत. सदऱ्याची घडी करायला घेतली, पण त्यांना घडी जमेना. वेताच्या सहा पदरांत न चुकणारा हात दोन बाह्यांत अडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भांडारपालाचा निरोप आला. सभागृह भरणार आहे, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या एकदा तपासा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत हत्यारं घेऊन मागे बसा. मास्तरांनी नवा सदरा घातला. मनात काही मोठा बेत होता असं नाही. पदवी देताना पूर्ण नाव पुकारतात आणि त्यात मधलं नाव बापाचं असतं. आयुष्यात एकदा आपलं नाव मंचावरून मोठ्या आवाजात ऐकावं, आणि ते ऐकून काय वाटेल ते करावं, एवढंच.

शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून ते उभे राहिले. नाव पुकारलं गेलं. लेकाचं, मग त्यांचं, स्पष्ट. टाळ्या वाजल्या. मास्तर दोन पावलं पुढे आलेसुद्धा. आणि तेवढ्यात पुकारणाऱ्याने पुढे जोडलं, "या विद्यार्थ्याचे वडील हे पाहायला आज आपल्यात नाहीत." टाळ्या दुप्पट झाल्या. मास्तर जिथे होते तिथे थांबले.

समारंभ संपल्यावर अध्यक्षबाईंनी मायलेकांना पुढच्या रांगेत बोलावून घेतलं. लेकाच्या पाठीवर थाप मारून बाई कौतुकाने जरा जोरातच खुर्चीत बसल्या, आणि खुर्चीचा काठ कट्कन तुटला. भांडारपाल ओरडला, "मास्तर!"

मास्तर आले. गुडघ्यांवर बसून आरीने तुटकी पट्टी काढू लागले. बाई काठीवर रेलून बघत होत्या. हात बघितले, सदरा बघितला, मग चेहरा. बराच वेळ चेहरा.

"अगं," त्या म्हणाल्या, "हा चेहरा तुमच्या भिंतीवर आहे."

लेकाच्या हातातली पदवीची गुंडाळी चुरगळली. पण चार वर्षांची तालीम कुठे जाते? आवाज जराही न हलता तो म्हणाला, "नाही, बाई. माझे वडील उंच होते."

"नाकही वेगळं होतं त्यांचं," आई म्हणाली. जमिनीकडे बघत.

बाईंनी त्या दोघांकडे लक्ष दिलं नाही. काठीचं टोक त्यांनी मास्तरांच्या खांद्याला हलकेच लावलं. "मी तुम्हाला विचारतेय. खरं सांगा. तुम्ही ह्या मुलाचे कोण?"

सभागृहात लोक खुर्च्या सरकवत होते. मास्तरांनी मान वर केली. आधी बायकोकडे पाहिलं, मग लेकाकडे. आणि चार वर्षांत पहिल्यांदा लेकाला त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली. एका शब्दाचं काम होतं. भोकात पाचर ठोकून झाल्यावर मास्तर म्हणाले:

"कुणी नाही, बाई. आणि ह्याचा बाप मेला तेच बरं झालं बघा. जगला असता, तर तुम्ही ह्याची फी कशाला भरली असती, आणि एवढं चांगलं पोर ह्याच्या आईला कुठून मिळालं असतं?"